भिंतीवरची छोटी

पेंटरला त्याच्या नावाने हाक मारणारं एकच माणूस होतं, त्याची बायको, आणि तीही रागावली तरच. ती गेल्यापासून तो सगळ्या गल्लीचा नुसता पेंटर झाला. खालचा घड्याळवाला, कोपऱ्यावरची फुलवाली, जिन्यात भेटणारे शेजारी, सगळ्यांना तेवढं पुरे होतं. आता तो काही रंगवत नव्हता, पण म्हणून कुणी हाक बदलली नाही.

उमेदीच्या काळात मात्र त्याचा हात म्हणजे हात होता. दुकानांच्या पाट्या तो करायचाच, पण खरा जीव चेहऱ्यांत. अंगठ्याएवढा फोटो आणून द्यावा आणि याने त्याचा तीन मजली चेहरा उभा करावा, असा की नाकपुडीत कबुतराने खुशाल घरटं बांधावं. रीत साधी होती. फोटोवर बारीक चौकटी आखायच्या, बोर्डावर तेवढ्याच पण मोठ्या चौकटी आखायच्या, आणि एकेक चौकट इथून उचलून तिथे नेऊन ठेवायची. फोटोत काही नीट दिसत नसलं तर पेंटर अडून बसत नसे. "फोटोत नसली तरी माणसाला पापणी असतेच ना," तो म्हणायचा, आणि द्यायचा ठोकून एक पापणी. त्यावर कधी कुणाची तक्रार आली नाही. तीन मजली माणसाच्या पापण्या तपासायला वर कोण चढतंय!

बोर्डावर रेघ मारायला दोन माणसं लागतात. दोरा निळीच्या पाण्यात बुडवायचा, दोघांनी दोन टोकं ताणून धरायची, आणि मधे चिमटीत धरून सोडायचा. फटकन सरळ निळी रेघ उमटते. दुसरं टोक धरायला पेंटरचा मुलगा असायचा. अगदी लहान होता तेव्हापासून, शाळा सुटली की पोरगं थेट बापाच्या शिडीखाली. तोंडावर निळीचे शिंतोडे उडाले की खदखदून हसायचं.

मग मुलगा मोठा झाला आणि बापाला शहाणपण शिकवू लागला. म्हणाला, बाबा, आता मशीन आलंय, फोटो घातला की छापून बोर्ड बाहेर, आपणही घेऊ. पेंटरने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तेव्हा मुलगा एका छपाईच्या दुकानात नोकरीला लागला. तिथवरही ठीक होतं. तोंडं फुगवून का होईना, दोघं एका टेबलाशी जेवत होते. पण एका कापडवाल्याचा मोठा बोर्ड पेंटरने अर्धा केलेला असताना, एक डोळा आणि अर्धं नाक झालेलं असताना, कापडवाल्याने काम थांबवलं आणि छापील बोर्ड मागवला. तो लावायला शिडीवर चढला तो नेमका पेंटरचा मुलगा. भर रस्त्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, पेंटर ओरडला, "यापुढे मला तोंड दाखवू नकोस!"

मुलगा भलताच आज्ञाधारक निघाला. परदेशात गेला, तिथे त्याच धंद्यात स्थिरावला, तिथल्याच एका मुलीशी लग्न केलं, पण तोंड काही दाखवलं नाही. बायको असती तर तिने दोघांनाही फैलावर घेतलं असतं आणि संध्याकाळच्या आत प्रकरण मिटवलं असतं. ती त्या भांडणाच्या आधीच वारली होती. मधे पडायला कुणी नव्हतं, आणि आपण होऊन एक पाऊल मागे घ्यायचं तर दोघांच्याही जिवावर येत होतं.

उरली मुलगी. ती दुसऱ्या गावी नोकरी करायची, सवड मिळेल तशी येऊन जायची. तिने बापाला फोन घेऊन दिला, तो कसा वापरायचा ते डोकं न तापवता शिकवलं, आणि एक दिवस त्या फोनवर एका लहान मुलीचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, "दादाने तुमच्यासाठी पाठवलाय. आपली छोटी."

पेंटरने नातीचा तो फोटो नाकाला लावून पाहिला, हात लांब करून पाहिला. पुढे मधूनमधून आणखी येत राहिले. छोटी झोपाळ्यावर, छोटी टोपी घालून, छोटी रडताना. दर खेपेला मुलगी लिहायची, दादाने पाठवलाय. पेंटर तिला म्हणायचा, "पोचला म्हणावं." त्याहून जास्त तो बोलला नाही. पण आतून तो हुरळून गेला होता. मुलगा नमतोय, असा त्याने सरळ हिशेब मांडला. आज फोटो पाठवतोय, उद्या फोन करील, परवा छोटीचं बोट धरून जिना चढून येईल. दोन खोल्यांच्या त्या घरात, जिथे दिवसभरात नळ आणि घड्याळ सोडून कुणी आवाज करत नसे, तो या भरवशावर दिवस काढत होता. दाराशी कुणाचं पाऊल वाजलं की उगीचच शर्टाची बटणं लावायचा.

नव्या फोटोत छोटी चांगली मोठी दिसत होती, दोरा धरण्याजोगी. गालावर ऊन, केस कपाळावर आलेले, डोक्यावर एक पांढरी रेघ, बहुधा रिबीन. हा फोटो भिंतभर करून पलंगासमोर लावायचा असं पेंटरने ठरवलं. म्हणजे मुलगा येईल तेव्हा आल्या आल्या बघेल, आणि बोलायला सुरुवात कुणी करायची हा प्रश्नच राहणार नाही. त्यासाठी छपाईच्या दुकानाची पायरी चढायला लागणार होती. जन्मात चढणार नाही म्हणून बसलेला माणूस एका सकाळी दाढी करून चढला.

दुकानवाली बाई जाड चष्म्याची आणि तोंडाने जरा फटकळ होती. "केवढा काढायचाय काका?" तिने विचारलं. पेंटरने दोन्ही हात पसरले, मग ते कमी वाटले म्हणून मान वर करून छताकडे पाहिलं. बाईने फोटो आपल्या मोठ्या पडद्यावर घेतला आणि मोठा करत नेला. छोटीचा गाल पसरला, पसरता पसरता फुटला आणि त्याचे नुसते रंगीत चौकोन झाले.

"चौकटी!" पेंटर म्हणाला.

"चौकटीच. सगळे फोटो चौकटींचेच असतात. चांगल्या फोटोत इतक्या बारीक असतात की दिसत नाहीत. तुमच्या या फोटोत आहेत थोड्या. भिंतभर ताणला तर एकेक फरशीएवढी दिसेल."

"मग मशीनला सांगा ना मधलं भरायला."

"जे मुळात नाहीच ते मशीन कुठून आणणार?"

पेंटरला मनातून गुदगुल्या झाल्या. एवढं थोरलं मशीन आणि एक पापणी ठोकायची ऐपत नाही! पण बाई पुढे म्हणाली, "ओरिजिनल मागवा. डॉक्युमेंट करून पाठवायला सांगा, म्हणजे फोन त्याला काही करत नाही."

"हाच ओरिजिनल. मुलाने पाठवलाय मला, परदेशातून."

"मुलाने नाही पाठवलेला." बाईने पडद्यावर बोट ठेवलं. "ही वरची पांढरी रेघ बघा."

"रिबीन आहे ती."

"रिबीन केसांच्या बाहेर कशी जाईल? स्टेटस बघताना वर अशी रेघ येते. आणि इथे खाली बघा, अक्षरांची नुसती डोकी राहिलीत. कुणीतरी तुमच्या मुलाचं स्टेटस उघडलं, त्याचा स्क्रीनशॉट काढला, कडा कापल्या आणि तुम्हाला पाठवला. स्टेटसला टाकताना फोन फोटो दाबतो, तुम्हाला पाठवताना पुन्हा दाबतो. दर खेपेला थोडं थोडं फेकून देतो. तुमच्यापर्यंत चोथा आला."

पेंटरने त्या पांढऱ्या रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "मला का नाही दिसत ते स्टेटस?"

"दोघांकडे एकमेकांचा नंबर सेव्ह असेल तर दिसतं, त्याच्या फोनमध्ये तुमचा नसेल तर नाही," बाई मान खाली घालूनच म्हणाली, आणि मग तिने मान वर केली. आपण काय बोललो ते तिच्या ध्यानात आलं असावं. "राहून जातं हो, काका. लोक कुठे एवढं लक्ष देतात." पेंटरने मान हलवली आणि तो फोटो जेवढा स्वच्छ निघेल तेवढाच काढून द्यायला सांगितलं. तो पोस्टकार्डाएवढा निघाला.

घरी येईपर्यंत तो मुलीवर चिडलेला होता. जिना चढेपर्यंत ते ओसरलं. ती बिचारी भावाच्या स्टेटसवर टपून बसायची, कापाकापी करायची, आणि बापाला मुलगा परत मिळतोय असं भासवायची. तिला काय म्हणणार? आणि काही म्हटलं तर फोटोही बंद होतील, ही भीती होतीच. खरी गोष्ट एवढीच होती की मुलाने त्याला कधीच काही पाठवलं नव्हतं. मुलगा नमत नव्हता, चिडलेलाही नव्हता. त्याच्या फोनमध्ये बापाचा नंबरच नव्हता. पेंटरला भयंकर एकटं वाटलं. बायको गेली तेव्हाही इतकं वाटलं नव्हतं, कारण ती तरी काही त्याला टाकून गेली नव्हती.

दोन दिवस त्याने अंथरूण सोडलं नाही. तिसऱ्या दिवशी उठला, पलंग ओढून दाराकडे सरकवला आणि समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. मशीनला जमत नाही ना? मग बघूच. मुलगा पाठवत नसेल तर न पाठवो, छोटीला इथे आणायचं कसं ते त्याला ठाऊक होतं. माळ्यावरचे रंगाचे डबे काढले. काही दगड झाले होते, काहींवरची साय स्क्रूड्रायव्हरने फोडल्यावर आत रंग जिवंत निघाला. ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवून ठेवले. घर जुन्या वासाने भरलं आणि पेंटरला भूक लागली.

रेघा मारताना पंचाईत झाली. दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं. शेजारच्याला बोलावता आलं असतं, पण मग कशाला, कुणासाठी, मुलगा कुठे असतो, हे सगळं आलं. त्याने भिंतीत खिळा ठोकला, दोऱ्याचं टोक त्याला बांधलं आणि दुसरं ताणून धरलं. दर रेघेला खिळा उपटून नव्या जागी ठोकायचा. भिंतीला भोकं पडली आणि सगळा दिवस त्यातच गेला. पण रेघा सरळ आल्या.

मग पोस्टकार्डावर बारीक चौकटी आखून तो कामाला लागला. सकाळी सुरू करायचा, उजेड असेपर्यंत चालवायचा. कपाळ उतरलं, केस उतरले, गालावरचं ऊन तर इतकं फक्कड उतरलं की तो स्वतःशीच हसला. डोळ्यांपाशी आल्यावर फोटोने हात वर केले. डोळ्याच्या चौकटीत तीन तपकिरी ठिपके होते, बस. ओठांच्या चौकटीत एक गुलाबी फराटा. कान तर चोथ्यात कुठे विरघळला होता देव जाणे. पण असल्या अडचणीला पेंटर कधी घाबरला होता? फोटोत नसलं तरी माणसाला असतंच. त्याने डोळा भरला, पापणी भरली, वरच्या ओठाचा बाक भरला. हात आपोआप चालत होता. मधूनच तो छोटीशी बोलायचा, "हलू नकोस गं, नाक चाललंय." किती वर्षांनी त्या घरात कुणी मोठ्याने बोलत होतं.

एक चूक मात्र त्याच्याकडून झाली, आणि ती त्याच्याच धंद्यातल्या माणसाकडून होण्यासारखी होती. जन्मभर तो बोर्डाजवळ काम करायचा आणि मधेमधे शिडी उतरून रस्त्यापलीकडे जाऊन बघायचा. तीन मजली चेहरा जवळून म्हणजे नुसते रंगाचे पट्टे असतात. या खोलीत मागे सरकायला जागाच नव्हती. दोन पावलांवर पलंग होता. त्यामुळे पेंटरने छोटीचा डोळा पाहिला, गाल पाहिला, ओठ पाहिले, पण छोटी काही पाहिली नाही.

चेहरा पुरा झाला आणि दोनचार दिवसांनी मुलगी आली. दार उघडंच होतं. ती जिन्याच्या वळणावरच थबकली. पेंटर पलंगावर बसून शाबासकीची वाट बघत होता.

"बाबा," ती तिथूनच म्हणाली, "हा दादा आहे ना?"

"डोळे तपासून घे. छोटी आहे ती. तूच नाही का पाठवलास फोटो?"

"बाबा, दादा आहे हा. लहानपणचा."

पेंटर वैतागला. मुलीने वाद घातला नाही. तिने जिन्यातूनच भिंतीचा फोटो काढला, आत आली आणि फोन त्याच्या हातात दिला. एवढी छताला टेकलेली भिंत तळहातावर मावली, आणि मग त्यालाही दिसलं. केस आणि ऊन छोटीचं होतं. डोळे, ओठ, कान आणि हसू येण्याआधीचा तो गालाचा फुगीरपणा, सगळं दोऱ्याचं टोक धरणाऱ्या पोराचं होतं. जिथे जिथे फोटोत काही नव्हतं तिथे त्याच्या हाताने न विचारता मुलगा भरला होता.

त्याने फोन तिला परत दिला आणि म्हणाला, "दादाने फोटो पाठवले नव्हते, मला कळलंय. स्टेटसची रेघ राहिली होती वर."

मुलीने तोंडावर हात घेतला. "तुम्हाला बरं वाटावं म्हणून केलं, बाबा. मी त्याला तुमचा नंबर दिला होता. तो हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. मग मी पुन्हा विचारलं नाही. मला भीती वाटली."

"कसली?"

"तो नाही म्हणेल याची."

"रडू नकोस," पेंटर म्हणाला. "बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. त्याचा नंबर देऊन जा मला."

"आधी मी बोलून बघू का?"

"नको. ओरडलो मी होतो."

मुलगी संध्याकाळी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर पेंटर फोन घेऊन बसला. लिहायचं ठरवलेलं पुष्कळ होतं. त्या दिवशीचं रस्त्यावरचं बोलणं, आईची आठवण, दुखणारा गुडघा. त्याने लिहिलं आणि पुसलं, पुन्हा लिहिलं आणि पुसलं. शेवटी जे राहिलं ते असं होतं: "छोटीचा मोठा फोटो पाठव. डॉक्युमेंट करून. मला तिचा चेहरा नीट दिसत नाही." जन्मभर लहान फोटोंचे मोठे चेहरे करणाऱ्या माणसाला हे लिहिणं जड गेलं, पण त्याने पाठवून दिलं.

थोड्या वेळाने उत्तर आलं. "कोण?"

खरं तर त्यात मुलाचा दोष नव्हता. अनोळखी नंबरवरून कुणी मुलीचा फोटो मागितला तर कुठलाही बाप हेच विचारील. तरीपण स्वतःच्या मुलाला आपण कोण ते सांगायची वेळ यावी, हे सोसवत नव्हतं. त्याने लिहिलं, "बाबा."

मग पुष्कळ वेळ काही आलं नाही. पेंटरने कप विसळला, पुसला, जागेवर ठेवला, पुन्हा काढून विसळला. फोन वाजला.

"केवढा प्रिंट काढायचाय?" मुलाने विचारलं होतं.

छापणारा माणूस आणखी काय विचारणार. पेंटरने लिहिलं, "प्रिंट नाही काढायचा. बघायचाय."

फाईल आली. मोठी असल्यामुळे उतरायला वेळ लागला. उघडली तेव्हा तोच उन्हातला फोटो निघाला, पण तो नुसता छोटीचा नव्हता. ती एका म्हाताऱ्या माणसाच्या मांडीवर बसली होती. पेंटरचा व्याही असणार तो. पेंटर लग्नाला गेला असता तर ओळख झाली असती. मुलीने त्याला अख्खा कापून टाकला होता, बापाला लागू नये म्हणून.

पेंटरने छोटीचा चेहरा मोठा केला. हा फोटो फुटत नव्हता. आणखी मोठा केला. पापण्या होत्या, एकेक वेगळी मोजावी अशा. खालच्या ओठाला बारीक चीर पडली होती, थंडीची असेल. डोळे किंचित तिरके होते, कान लांबट. त्याने भिंतीवर काढला होता तसला एकही अवयव तिला नव्हता. बायकोचं काही नव्हतं, मुलाचं नव्हतं, त्याचं स्वतःचं तर नव्हतंच. हनुवटीच्या मधोमध छान खळी होती. असली खळी त्यांच्या घराण्यात कुणालाच नव्हती.

"हनुवटी कुणाची घेतलीय?" त्याने लिहिलं.

"तिच्या आईच्या बाबांची," मुलाने लगेच लिहिलं. "सगळे तेच म्हणतात."

पेंटरला वाईट वाटलं. त्याने बोट सरकवलं आणि त्या दुसऱ्या म्हाताऱ्याचा चेहरा मोठा केला. नावं ठेवायला काहीतरी सापडेल म्हणून तो कपाळापासून बारकाईने बघत खाली आला. हनुवटीला तीच खळी होती. दाढीचे दोनचार पांढरे खुंट वस्तरा चुकवून राहिले होते. कॅमेऱ्याकडे त्याचं लक्षच नव्हतं, तो छोटीकडे बघत होता, आणि ती पडू नये म्हणून त्याने तिला दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. पेंटरने तो फोटो बराच वेळ तसाच धरून ठेवला.

मग त्याने लिहिलं, "शोभते तिला."